घरोघरी सर्वेक्षणं झाली, बायकांच्या पदरात काय पडलं?

खानापूरकर
परवा आरोग्याचे सर्वेक्षणवाले घरी आले. वर्षात तिसऱ्यांदा. मुलं किती, पाळणा कसा लांबवता, पाळीचा काही त्रास? प्रश्न कानडीत, बायको मराठी, आणि मधे बसून उत्तरं देणारी आमची आई. असल्या माहितीवर म्हणे बायकांच्या आरोग्यातली विषमता मोजणार. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात, आमगाव, गवाळीकडे पावसात आजारी माणूस खांद्यावरून आणतात, हे कळायला संशोधन कशाला पाहिजे? तेवढा पैसा गाडीला आणि नर्सबाईंना द्या. माझ्या मते संशोधन पुरे.

टिळकवाडीची नर्स
अण्णा, पुरे म्हणू नका. बाळंतपणानंतर जादा अंगावरून जाऊन बाई दगावते हे आजीलासुद्धा ठाऊक होतं. पण डॉक्टर जवळ नसताना नर्सबाईने करायचं काय? 2002 ते 2005 दरम्यान आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बाळंतिणींवर चाचणी झाली. काहींना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी. बिनऔषधी गटात 12 टक्के बायकांना जादा रक्तस्राव झाला, गोळ्या घेतलेल्यांत 6.4 टक्के. 2006 मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. सुई नको, फ्रिज नको. तुमच्या आमगावसाठीच झालंय की हे औषध!

खानापूरकर
आणि रिकामी गोळी मिळालेल्या? त्या कोणाच्या लेकीसुना नव्हत्या काय?

टिळकवाडीची नर्स
प्रश्न रास्त आहे, मलाही टोचतो. त्या काळी खेड्यात नर्सबाईने केलेल्या बाळंतपणात रक्त थांबवायचं औषध देण्याची रीतच नव्हती, म्हणून ती तुलना चालली. आज कोणी तशी करू धजणार नाही.

चंदगडची लेक
दोघंही गरोदर बाईला एका जागी बसवून बोलताय. माझं सासर कर्नाटकात, बेळगाव तालुक्यात, माहेर महाराष्ट्रातलं चंदगड. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. थायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईच्या तपासण्यांचं कार्ड, घेऊन गेले तर तिकडच्या दवाखान्यात म्हणाले, "कानडी कोण वाचणार?" रक्त, लघवी, सगळं पुन्हा तपासलं. सव्वा महिन्याने बाळ घेऊन परत आले, तर इकडच्या वहीत माझ्या नावापुढे "स्थलांतरित". चाळीस किलोमीटरवर गेले होते हो! जिल्ह्याची सरासरी काढताना मी कुठल्या जिल्ह्यात? संशोधन करा, पण सीमा ओलांडणाऱ्या बाईमागे जाणारं करा.

निपाणीवाला
हे पटलं. ऊसतोडीचंही तेच. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून पाळीचीच कटकट मिटवलेली. मोजलं म्हणून कळलं. तिकडच्या टोळ्या आमच्या चिकोडी, अथणीच्या फडातही येतात. त्यांना इथे कोण विचारतं?
आणि विचारायचंच तर गड्यांना विचारा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मूल न होण्याचं ऑपरेशन केलेल्या बायका 37.9 टक्के, पुरुष 0.3. पुरुषांचं टाक्याविना होतं, बाप्या त्याच दिवशी घरी येतो. तरी "अशक्तपणा येतो" म्हणत बायकोला पुढे करतात. माझ्या घरीही तेच झालं, खोटं कशाला बोलू.

टिळकवाडीची नर्स
खानापूरकर, एक सांगा. तुमच्या आईंनी दिलेली उत्तरं वहिनींना विचारून बघितलीत काय?

खानापूरकर
विचारायची गरज नाही. आईने सांगितलं, "पाळणा लांबवायला काही वापरत नाहीत." दोन वर्षं झाली तांबी बसवून. मला माहीत आहे, आईला नाही, आणि तिच्यासमोर बायको बोलणार कशी? मीही गप्प बसलो. म्हणजे वहीत चूक पडली ती आमच्याच घरातून, एवढं कबूल. पुढच्या खेपेला बायकोला एकटीला, मराठीत विचारा म्हणून सांगेन.
पण गाडीचा मुद्दा सोडलेला नाही हं. जुलैत या एकदा जांबोटीच्या आत, चालत.