अकरावरून परत विंडोज दहावर आलो, दुकानाच्या मशिनसाठी मला हेच बरोबर वाटते. तुमचं काय मत?

बर्डीचा टायपिस्ट

आपलं नागपूरच्या बर्डीत टायपिंग, झेरॉक्स अन् स्कॅनिंगचं काम आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, अन् डिसेंबरात अधिवेशन लागलं की मोर्चेवाल्यांची निवेदनं, ती तं रात्री उशिरापर्यंत चालतात. मेन मशिनवर विंडोज अकरा टाकलं होतं, आता परत दहावर आलो आहे. धंद्यातले दोस्त म्हणून राहिले की सगळं जग पुढं चाललं अन् तू मागं कुठे चालला. मला ते बिलकुल पटत नाही.

अकरा खराब आहे असं माझं म्हणणं नाही. मशिनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आहे, प्रोसेसर आठव्या पिढीच्या पुढचा आहे, म्हणजे अट पूर्ण बसत होती. पण माझा लीगल साइजचा फीडरवाला स्कॅनर जुना, त्याच्या कंपनीनं (नाव घेत नाही) अकरासाठी ड्रायव्हर (स्कॅनर मशिनशी जोडणारं सॉफ्टवेअर) काढलाच नाही, अन् मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगलही (यूएसबीत लावायची लायसन्सची चावी) ओळखेना. आता समोर पक्षकार उभा आहे, वकीलसाहेबांचे फोनवर फोन येऊन राहिले, अर्ज दुपारच्या आत दाखल व्हायचा आहे, अशा वेळी मी ड्रायव्हर शोधत बसू का? मशिन कामासाठी आहे. ज्या सिस्टिमवर काम होते ती त्या दुकानासाठी चांगली, नवी-जुनी हा भेद त्यात आणूच नये.

ज्यांना परत यायचं असेल त्यांनी ध्यानात ठेवा, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे रिकव्हरी अन् तिथे गो बॅक. पण अपग्रेड केल्यापासून 10 दिवसच ते बटण चालते. जुनी सिस्टिम सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते, ते फोल्डर कोणी जागा मोकळी करायला उडवलं की तो रस्ता बंद. फायली राहतात, पण अकरावर आल्यावर टाकलेले प्रोग्राम जातात.

परसोडी आयटी

भाऊ, तुमची अडचण खरी आहे, पण निर्णय चुकीचा आहे असं स्पष्ट सांगतो. दहाचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आता त्यात नवीन भोक सापडलं तर सामान्य वापरणाऱ्याच्या मशिनवर ते आपोआप बुजवलं जाणार नाही. तुमच्या मशिनवर काय काय आहे विचार करा, लोकांचे आधार, पॅन, बँकेची पासबुकं, सातबारे, सगळं स्कॅन करून ठेवलेलं. ते तुमचं एकट्याचं नाही, लोकांनी विश्वासानं दिलेलं आहे.

2017 आठवा. मार्चमध्ये भोक बुजवणारा पॅच आला होता, मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला, म्हणजे मध्ये दोन महिने होते आणि तरी जगभर मशिनी लॉक झाल्या, सर्वात जास्त मार विंडोज सातवाल्यांना बसला, कारण पॅच टाकलाच नव्हता. आणि लगेच जूनमध्ये त्याच भोकाचा वापर करून नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस पसरला तेव्हा आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. तिथे पॅच असूनही हे झालं. सपोर्ट संपलेल्या सिस्टिमला तर पॅचच येत नाही. स्कॅनर जुना झाला तर स्कॅनर बदला, त्याच्यासाठी अख्खं मशिन मागे नेऊ नका.

बर्डीचा टायपिस्ट

ईएसयू, म्हणजे सपोर्ट संपल्यावरही सुरक्षेचे अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना, घेतलं आहे दादा. परत आल्यावर पहिलं काम तेच केलं, ते न घेता दहावर बसा असं मी कोणालाच म्हणणार नाही. सामान्य माणसाला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, 30 डॉलर भरा, नाही तं विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग्ज सिंक करा, मग फुकट. फक्त दहाची शेवटची आवृत्ती 22एच2 पाहिजे. विंडोजमधल्याच डिफेंडर अँटिव्हायरसच्या व्हायरस-व्याख्याही ऑक्टोबर 2028 पर्यंत येत राहणार. मग उघडं दार कुठे आहे ते सांगा.

अन् फीडरवाला लीगल साइजचा स्कॅनर बदला म्हणणं सोपं आहे, त्याची किंमत एकदा बर्डीत जाऊन विचारून या.

महालची डीटीपीवाली

मी पंधरा-वीस वर्षं हेच काम करते, स्मरणिका, लग्नपत्रिका, दीक्षाभूमीच्या दिवसांत पुस्तिका. अकरावर आहे आणि खुश आहे. कृतीदेव हा नुसता फॉन्ट आहे हो, तो अकरावरही जसाच्या तसा चालतो, त्याच्यासाठी घाबरायचं कारण नाही. आणि आता तर ऑफिसं युनिकोडच (कुठल्याही मशिनवर सारखं दिसणारं टायपिंग) मागतात, मराठीचा फोनेटिक कीबोर्ड दहामध्येच 2019 च्या अपडेटपासून आलेला आहे, विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

तुमचं डोंगल न ओळखण्याचं कारण बहुतेक वेगळंच आहे. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, त्यात मेमरी इंटिग्रिटी. ते चालू असलं की जुने ड्रायव्हर अडवले जातात. एकदा ते बंद करून बघायला पाहिजे होतं, दहाचा ड्रायव्हर अकरावर पुष्कळदा तसाच चालतो. माझ्या मते तुम्ही घाई केली.

बर्डीचा टायपिस्ट

ताई, ते बटण माहीत आहे. पण विचार करा, अकरावर या ते जास्त सुरक्षित आहे असं वरचे दादा म्हणतात, अन् अकरावर आल्यावर जुनं डोंगल चालवायला त्याच सुरक्षेतला एक मोठा भाग मी हातानं बंद करायचा? मग मला मिळालं काय? त्यापेक्षा दहावर ईएसयू घेऊन बसलेलं मशिन मला जास्त प्रामाणिक वाटते.

परसोडी आयटी

हा मुद्दा मान्य आहे, ते बंद करून वापरा असं मीही सांगणार नाही. म्हणूनच म्हणतो डोंगलवाल्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडा. ते बनवणारेच ड्रायव्हर सुधारत नसतील तर अजून किती वर्षं त्यांच्या भरवशावर राहणार?

मेडिकल चौक रिपेअर

दोघांचंही ऐकलं, आता जो रोज मशिनी उघडतो त्याचंही ऐका. माझ्याकडे जे लोक येतात ना की अकरानं मशिन स्लो केलं, परत दहा टाकून द्या, त्यातल्या पुष्कळांच्या मशिनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असते अन् रॅम चार जीबी. चार जीबी ही कागदावरची कमीत कमी अट आहे, काम करायला ती पुरत नाही. एसएसडी बसवली, रॅम आठ केली की तोच माणूस अकरावर आनंदानं काम करते. आधी हे बघा, मग मागं जायचा विचार करा.

पण ज्याला खरंच जायचं आहे त्यानं गुपचूप पेनड्राइव्ह लावून फॉरमॅट मारू नये राजेहो! नव्या अकरा मशिनीत मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलं की पुष्कळदा ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते अन् मालकाला पत्ताच नसतो. त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, की आधी अकाउंटवर जाऊन लिहून घ्या, नाही तं डेटा काढायला माझ्याकडे याल अन् मीही काही करू शकणार नाही. लायसन्सची काळजी करू नका, मशिन दहावर आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तं डिजिटल लायसन्स त्या मशिनला बांधलेलं आहे, इंटरनेट लागलं की चालू होते. अन् 10 दिवस कमी वाटत असतील तं अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या डिझम (DISM) टूलची एक कमांड आहे, मुदत 60 दिवस होते, पण ती त्या 10 दिवसांच्या आतच मारा, नंतर काही उपयोग नाही.

इतवारी किराणा ठोक

आमचं सांगतो. बापाच्या काळापासून हिशेब फॉक्सप्रोवर, विंडोजच्या आधीच्या डॉसवाला प्रोग्राम. दहाची 32 बिटवाली आवृत्ती होती म्हणून तो आजवर चालून राहिला. अकरा तं 64 बिटमध्येच आहे, त्यात डॉसचा प्रोग्राम चालतच नाही, अन् 32 बिट दहावरून अकरावर सरळ अपग्रेडही होत नाही, सगळं पुसून टाकावं लागते. मंग आम्ही काय करावं? लोकं म्हणतात सॉफ्टवेअर बदला. सगळ्या पार्ट्यांची उधारी त्यात आहे, पोट्टा बसवून एक एक नोंद नवीन करायची म्हटलं तं दिवाळीपर्यंत पुरते. टायपिस्ट भाऊ बरोबर आहे.

परसोडी आयटी

काका, तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे आणि ते कोणाच्याच बाजूचं नाही. फॉक्सप्रोचं मशिन ठेवा, पण त्याची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि त्यात कुणाचाही पेनड्राइव्ह लावू देऊ नका. जीएसटी, बँक, मेल हे दुसऱ्या मशिनवर. नाही तर नव्या मशिनवर व्हर्च्युअल मशिन (मशिनच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारं दुसरं मशिन) बनवून त्यात 32 बिट दहा ठेवा. आणि डेटाच्या फायली रोज दोन ठिकाणी कॉपी करा, ती हार्ड डिस्क कधी जाईल सांगता येत नाही. टायपिस्ट भाऊ, तुम्हालाही हेच लागू आहे. स्कॅनर आणि डोंगल एका जुन्या मशिनला जोडा, ऑनलाइन काम अकरावर करा.

निवृत्त मास्तर, मनीषनगर

सर्वांनी ड्रायव्हरचंच धरून ठेवलं आहे. माझ्यासारख्या माणसाला हात बसलेला असतो, त्याचं काय? स्टार्टचं बटण मधे, उजव्या क्लिकवर ओळखीचे पर्याय दिसत नाहीत, 2021 ला अकरा आलं तेव्हा टास्कबार बाजूला नेण्याची सोयही काढून टाकली होती. वयस्कर माणसाच्या हाताची सवय ही खरी गोष्ट आहे, तिला हट्ट म्हणू नये. मी दहावरच राहणार.

महालची डीटीपीवाली

सर, स्टार्ट डावीकडे आणता येतं, सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, त्यात अलाइनमेंट लेफ्ट करा. आणि उजव्या क्लिकवर सर्वात खाली शो मोअर ऑप्शन्स आहे, तिथे जुना मेनू येतो. एवढ्यासाठी सुरक्षा सोडू नका. तुम्ही पेन्शनचं सगळं त्याच लॅपटॉपवर बघत असाल.

विद्यार्थी, व्हीएनआयटी

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाका न सर, फुकट आहे, जुन्या मशिनवरही पळतं.

मेडिकल चौक रिपेअर

मास्तरांच्या हाताची सवय बोलून राहिलो आपण अन् तू त्यांना लिनक्स देतो? टायपिस्टचं डोंगल तिथं चालेल का ते आधी सांग.

बर्डीचा टायपिस्ट

परसोडी दादाची दोन मशिनवाली गोष्ट पटते, पण दुकानात एक टेबल अन् दोन खुर्च्या आहेत, दुसरं मशिन ठेवायलाच जागा नाही. मी सध्या दहावरच राहतो, अपडेट चालू आहेत, पक्षकाराचे स्कॅन काम झालं की ड्राइव्हवरून काढून टाकतो. ऑक्टोबर 2026 जवळ आला की स्कॅनरचं बघीन. तोपर्यंत मला कोणी मागासलेला म्हटलं तं मी ऐकून घेणार नाही.

परसोडी आयटी

मागासलेला मी म्हटलंच नाही. पण एक तपासा, तुम्ही घेतलेलं फुकटचं ईएसयू व्यक्तिगत वापराच्या मशिनसाठी आहे. धंद्याच्या मशिनसाठी वेगळं आहे, पहिल्या वर्षी 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. हा खर्च स्कॅनरच्या किमतीसमोर मांडा आणि मग परत बोलू.