धान्य बँकेला पोरं येतात पण टिकत नाहीत, काय करावं?

माजलगावकर:
राम राम मंडळी. आमच्या गल्लीत एका खोलीत धान्य बँक चालवतोय, म्हणजे ज्याला जमेल त्यानं जवारी, गहू, डाळ, तेलाची पिशवी आणून ठेवायची अन रविवारी सकाळी ज्याला लागतंय त्यानं घेऊन जायचं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेल्या की घरी राहतात म्हातारी माणसं अन नातवंडं, तेव्हा गर्दी वाढते. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं ओ, पण तेल-तिखटाचं काय, अन कधी कधी म्हातारीचा अंगठाच मशीनवर उठत नाही.

अडचण धान्याची नाहीच, माणसांची हाय. स्टेटस टाकलं की पंधरावीस पोरं येतात, फोटो काढतात, दुसऱ्या रविवारी निम्मी, तिसऱ्याला मी, बायको अन वजनकाटा. सर्टिफिकेट द्यावं का?

नांदेडचा भाऊ:
सर्टिफिकेट मिळालं की पोरगं जाईलच ना घरी 😄 आमच्या इथं सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कोणी नाव पण विचारत नाही, या, बसा, लाटा. कॉलेजात असताना गेलो होतो, शेजारी पंजाबातनं आलेले एक बाबाजी, त्यांना मराठी येईना अन मला पंजाबी, माझी पोळी बघून पोट धरून हसले, मग माझा हात धरून लाटणं फिरवून दाखवलं. नंतर किती वेळा गेलो मोजलं नाही. तुम्ही पोरांना काम काय देता? रांगेत उभं राहून पिशव्या वाटायचं असेल तर कोण कुणाशी बोलणार.

परभणीची ताई:
हेच लिहायला आले होते. सतरंजी टाका अन डाळ निवडायला बसवा सगळ्यांना. चार बाया ताट घेऊन बसल्या की खडे कमी अन गप्पा जास्त निघतात, पोरांचं पण तेच होतं. धान्य न्यायला येणाऱ्यांना पण बसवा, नुसतं हात पसरून उभं राहायला कुणालाच बरं वाटत नाही.

अन फोटो बंद करा आधी. आमच्याकडं एक बाई दर आठवड्याला यायच्या, कुणीतरी त्यांचा पिशवी घेतानाचा फोटो ग्रुपवर टाकला, तो त्यांच्या पोराच्या वर्गापर्यंत गेला. परत आल्या नाहीत. घरी जाऊन माफी मागितली तरी नाही.

लातूरकर:
फोटोचं पटलं. पण नुसत्या गप्पांवर काम चालत नाही, जोड्या लावा, एक जुना एक नवा, मग दांडी मारताना जोडीदाराची लाज वाटते. अन जवळच्या कॉलेजात एनएसएसच्या सरांना भेटा, त्या पोरांना वर्षाला १२० तास भरायचेच असतात. तासापुरती येतील बरीच, त्यातली दोनचार अडकतात.

माजलगावकर:
काल सतरंजी टाकली. पाचच पोरं आली, मोबाईल खिडकीत ठेवायला लावले. धान्य न्यायला आलेल्या एका आजीनं एका इंजिनिअरिंगवाल्याला सूप धरायला शिकवलं, त्यानं भुसा सोडून डाळच उडवली सगळी, आजी म्हणे बायको जेवू घालणार नाही रे तुला. साडेअकराला संपणारं काम एक वाजला तरी चालूच. पठ्ठ्या पुढच्या वेळी घरनं सूप आणतो म्हणतोय, बघू.

ताई, गव्हात सोंडे झालेत, कडुनिंबाचा पाला टाकलाय, अजून काय करता तुम्ही?