कोबा काढून अंगणात पुन्हा जांभा घालावा का?

सड्यावरचा:
राजापूरजवळ आजोळचं घर आहे, चिरेबंदी, कौलारू. पुढचं अंगण मुळात जांभ्याचं, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाचं. मामाने मागे कधीतरी त्यावर सिमेंटचा कोबा घातला. आता कोबा तडकलाय, आणि ओटीच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढून गिलाव्याचे पोपडे पडतायत. ठेकेदार म्हणतो पेव्हर ब्लॉक टाका. आजीला तुळशीपुढे जांभाच हवाय, मलाही. पण आमच्या पावसात टिकेल का? आणि गवंडी सिमेंटशिवाय कामाला हात लावायला तयार नाही.

चाकरमानी:
हौस ठीक आहे हो, पण जुलैत शेवाळ धरलं की आजीच पहिली घसरेल. आमच्याकडे ब्लॉक आहेत, कटकट नाही.

खाणवाले नाना:
शेवाळ ब्लॉकवरही धरतं, चाकरमानी गणपतीला येतात तोवर कोणीतरी खराट्याने घासलेलं असतं एवढंच.

सड्यावरचा, जांभा घालाच. पण आधी ओलीचं बघा. कोब्याखाली मुरलेल्या पाण्याला वर यायला वाट राहत नाही, मग ते जोत्याच्या चिऱ्यांतून, म्हणजे जांभ्याच्या घडीव ठोकळ्यांतून चढतं. जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि सोडतो. त्याला सोडू द्या. म्हणून सांध्यांत सिमेंट नको. एक भाग चुना, तीन भाग वाळू, त्यात चिरे घडवताना पडलेली जांभ्याची भुकटी, म्हणजे रंगही जुळतो. चकचकीत सीलर कोणी सुचवला तर चहा पाजून परत पाठवा.

चिरा निवडताना हातोडीने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर भिंतीलाही नको. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे डाग असलेला खाणीच्या खालच्या थरातला असतो, दोन पावसांत त्याची भोकं होतात. ताजा चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो. उन्हाळ्यात आणून एक पावसाळा उघड्यावर रचून ठेवा, घाई नको. यंत्राने कापलेला गुळगुळीत येतो, त्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेवर टाकीने, म्हणजे छिन्नीने, आडवे चरे मारून घ्या. आजीचा प्रश्न तिथे निम्मा सुटतो.

पागोळ्या पडतात त्या रेषेत मात्र जांभा नको. तिथे काळ्या दगडाची पट्टी आणि बाजूला चर. उतार जोत्यापासून बाहेर, दहा फुटांना दोन इंच.

आणखी एक. परवाना असलेल्या खाणीतलाच माल घ्या. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, आपल्या तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत. कोणी रात्रीचा सडा खणून स्वस्तात चिरे देत असेल तर त्याला दारात उभा करू नका.

सड्यावरचा:
नाना, आभार. आज कोपऱ्यात कोबा फोडून पाहिला. खाली जुने चिरे शाबूत आहेत, पण तोंडावर सिमेंट चिकटलंय. ॲसिडने धुवू?

खाणवाले नाना:
ॲसिड अजिबात नको, दगडच खाईल. चिरे उलटे करून बसवा. खालचं तोंड ओबडधोबड असेल, ते घडवायला पाथरवट बोलवा, गवंडी नव्हे. जे फुटतील त्यांचे तुकडे नव्या अंगणाच्या थराखाली भरावाला घाला. नवे चिरे किती लागतील ते त्यानंतरच मोजा, आत्ताच खाणीवर आगाऊ देऊन बसू नका.