मदत हवी आहे: रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० पुढून बुडते, मागून उडवते. ४० हजारांत आधी काय बदलू?

घाटवाट_०९:
गाडी २८,००० किमी चालली आहे, फोर्कचं (पुढच्या शॉकपच्या दोन नळ्यांचं) ऑईल एकदाही बदललेलं नाही. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून माझं वजन ९० किलो. महिन्यातून दोन-तीनदा डबलसीट, तेव्हा मागे ५८ किलो आणि वर १२ किलोची बॅग. रस्ता ठरलेला: कळे, साळवण, गगनबावडा, पुढं करूळ घाट.

पुढचा ब्रेक जरा जोरात धरला की गाडी नाकावर जाते. त्यातच खड्डा आला तर हँडलमध्ये ठक् असा लोखंडी आवाज येतो. मागची बाजू एकट्याला लाथ मारते आणि डबलसीटला पार बसते. मागचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) शेवटच्या पायरीवर ठेवलाय. गॅरेजमध्ये सांगितलं, २० नंबरचं जाड ऑईल टाका, बाकी काही नको. मला वाटत होतं मागं चांगले गॅसचे शॉकप घ्यावेत. आधी काय करू?

पाना_नं_१४:
जाड ऑईल टाकू नका. तुमचा फोर्क साध्या डॅम्पर रॉडचा आहे, म्हणजे ऑईल ठरावीक भोकांतून ढकललं जातं. फोर्क जेवढ्या वेगानं दबतो, त्याच्या वर्गाच्या हिशेबानं विरोध वाढतो. ब्रेकवर फोर्क सावकाश दबतो, तिथं जाड ऑईलचा फरक थोडाच. खड्ड्याच्या धारेवर तो झटक्यात दबतो, तिथं ऑईल जाऊच शकत नाही आणि सगळा दणका मनगटात. शिवाय तेच ऑईल परतीची चालही मंदावतं. बुडणं थोडं कमी होईल आणि हात दुखायला लागतील.

खर्चाआधी सॅग मोजा, म्हणजे वजनानं गाडी किती मिलिमीटर खाली बसते ते. टेप, एक मित्र आणि पंधरा मिनिटं. चाक अधांतरी असताना एक माप, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना दुसरं, तुम्ही पूर्ण गिअर घालून बसल्यावर तिसरं. पहिल्या मापातून दुसरं किंवा तिसरं वजा केलं की सॅग. मागं एक्सलपासून सरळ वर सीटखाली चिकटपट्टीची खूण करून तिथपर्यंत मोजा. पुढं फोर्कच्या रबरी गेटरचा क्लिप सोडून गेटर वर सरकवा आणि नळीवर मोजा. प्रत्येक माप दोनदा घ्या, एकदा गाडी दाबून सोडून, एकदा वर उचलून सोडून, आणि सरासरी धरा. सीलच्या घर्षणामुळं दोन्हींत ४-५ मिमीचा फरक पडतोच.

तांबडा_पांढरा:
माझं मत वेगळं. डबलसीटला मागं बसते म्हणजे मागं आधी. मागचा शॉकप बदलायला अर्धा तास, पुढचं काम म्हणजे पूर्ण दिवस.

घाटवाट_०९:
मोजलं. सॅग मिमीमध्ये.
पुढं: नुसती गाडी २८, मी बसून ५४.
मागं, प्रीलोड शेवटच्या पायरीवर: नुसती गाडी १, मी बसून २१, डबलसीट बॅगसह ४४.
मागं, दोन पायऱ्या खाली: नुसती गाडी ७, मी बसून २७.

पाना_नं_१४:
आता बोलता येईल. पुढची एकूण चाल (चाकाची वर-खाली हालचाल) ११० मिमी, मागची ८८. पुढं स्वार बसल्यावर साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ३५ च्या आसपास हवा. तुमचा ५४. निम्मी चाल तुम्ही नुसते बसल्यावरच संपली, उरलेल्या ५६ मध्ये ब्रेकही आणि खड्डाही. ठक् त्याचाच.

मागं एकट्यासाठी २७ हा आकडा छान आहे. शेवटच्या पायरीवर नुसत्या गाडीचा सॅग १ राहतो, म्हणजे चाकाला खाली जायला जागा कमी पडते. खड्ड्यात चाक पुरतं उतरत नाही, गाडी उतरते. लाथ बसते ती यामुळं. दोन पायऱ्या कमी करून चालवा, ते फुकट आहे. डबलसीटला मात्र शेवटच्या पायरीवरही ४४, निम्मी चाल गेली. तिथं स्प्रिंग कमी पडतेय, तांबडा_पांढरा यांचं तेवढं बरोबर. पण घाट उतरताना भार पुढं येतो, म्हणून आधी पुढचं.

घाटवाट_०९:
पुढं नुसता १५ मिमीचा स्पेसर (स्प्रिंगवर ठेवायचा नळीचा तुकडा) टाकला तर?

पाना_नं_१४:
सॅग ३९ येईल, आकडा दिसायला बरा. पण प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवात वर सरकते. त्याच ब्रेकला फोर्क तेवढेच मिलिमीटर खाली जाणार. कडक लिनिअर (सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच कडक) स्प्रिंग घ्या. त्यावर ८.५, ९.० असा आकडा असतो, तो एका स्प्रिंगचा न्यूटन प्रति मिमी. विकणाऱ्याला गिअरसकट वजन आणि डबलसीट किती वेळा, दोन्ही सांगा. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग नको, सुरुवातीचा मऊ भाग ब्रेकवर लगेच संपतो.

काम असं. गाडी सेंटर स्टँडवर, पुढं इंजिनखाली जॅक. कॅलिपर दोरीनं टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर सोडवून ठेवा. कॅलिपर बाहेर असताना ब्रेक लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात, म्हणून मध्ये लाकडाची चकती. वरच्या टी-चे (फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या पट्टीचे) बोल्ट सैल करून आधी फोर्कची टोपी ढिली करा, मगच खालचे बोल्ट सोडा. फोर्क हातात आल्यावर टोपी सोडवायला गेलात तर नळी नुसती गरगर फिरते. टोपी शेवटच्या आट्याला स्प्रिंगसकट उडते, तळहातानं दाबून धरा आणि तोंड बाजूला.

जुनं ऑईल ओतून फोर्क दहा-बारा वेळा हलवा, काळा गाळ निघेपर्यंत. नवं ऑईल मॅन्युअलच्या ग्रेडचं. एकाच कंपनीचं दोन्हीकडे, कारण दोन कंपन्यांचं १० नंबर सारखं नसतं, खरी गोष्ट ४० अंशाची सेंटीस्टोक्स (ऑईलच्या घट्टपणाचं माप). पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या तोंडापासून मोजा आणि दोन्हीकडे सारखी ठेवा. ऑईल मापानं ओतून भागत नाही, आत किती शिल्लक राहिलं कळत नाही. शेवटी ठक् उरलाच तर पातळी ५-५ मिमीनं वाढवा. वरची हवा शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते. जास्त वाढवली तर सील बाहेर ढकललं जातं.

चाक बसवल्यावर एक्सलचा पिंच बोल्ट लगेच आवळू नका. जॅक काढा, ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, मग आवळा. नाहीतर दोन नळ्या एकमेकींना ओढून धरतात आणि नवी स्प्रिंगही अडकत चालते.

लेथवाला_उद्यमनगर:
दोन गोष्टी राहिल्या. एक, गेटर वर केलाच आहात तर नळी नखानं तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखलपाणी गेटरच्या आत साचतं आणि क्रोमवर बारीक खड्डे पडतात, वरून काही दिसत नाही. नखाला काही लागलं आणि ते सीलच्या वाटेत असेल तर नवं सील महिन्यात फाटणार. आधी हार्ड क्रोम किंवा नवी नळी.

दुसरं, नवी स्प्रिंग आखूड असेल तर स्पेसर लागेल. जाड पीव्हीसी चालतो, पण तोंड लेथवर काटकोनात मारून घ्या. हॅक्सॉनं कापलेला तिरका बसतो आणि स्प्रिंग नळीला घासते. लांबी अशी काढायची: फोर्क पूर्ण लांब, स्प्रिंग, वॉशर, स्पेसर आत. स्पेसर नळीबाहेर जेवढा दिसतो, त्यात टोपी आत शिरते तेवढं मिळवलं की येतो तो प्रीलोड. १० ते १५ मिमी धरा, सॅग पाहून कापा. आधी लांब ठेवा भावा, कापलेलं परत जोडता येत नाही.

आणि मागच्या शॉकपची आय (टोकाचं बोल्टचं कडं) कापून वेल्डिंगनं लांबी वाढवून द्यायला कुणी तयार झालं तर सरळ नाही म्हणा.

तांबडा_पांढरा:
पुढचं झाल्यावर मागं घ्याल तेव्हा: आय ते आय मध्यापासून मध्यापर्यंत जुन्याइतकीच लांबी, बुशचं भोक मोजून. एका वेळी एकच बाजू सोडा, दुसरी स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) धरून ठेवते. वेगळी डबी असलेला शॉकप सायलेन्सरला लागतो का, हे आधी पाहा. नंतर चेनचा ताण तपासा. रिबाउंड (परतीची चाल मंदावणारा स्क्रू) पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजा, एका वेळी दोनच बदला. गळीत हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेला साळवणजवळचा पट्टा त्याला उत्तम. सलग धक्क्यांत मागची बाजू वर येण्याऐवजी खाली खाली बसत गेली तर रिबाउंड जास्त झालाय, दोन क्लिक उघडा.

घाटवाट_०९:
ठरलं. स्प्रिंग, ऑईल, सील एकदम करतो. एम्युलेटर (डॅम्पर रॉडवर बसणारा जादा व्हॉल्व्ह) घेऊ का?

पाना_नं_१४:
आत्ता नको. त्यासाठी डॅम्पर रॉडला जादा भोकं पाडावी लागतात, ती बुजवता येत नाहीत. स्प्रिंगवर महिनाभर चालवा. सॅग बरोबर येऊनही धारदार खड्डे हातात लागत राहिले, तरच ती भोकं पाडा.