पांढऱ्या ठिपक्यांची साथ: मुख्य टाकी माशांविना ठेवणे खरोखरच आवश्यक आहे का?

धागाकर्ता

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत पांढऱ्या ठिपक्यांची साथ आली की सर्व मासे बाहेर काढून त्यांच्यावर वेगळ्या टाकीत उपचार करावेत आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा सूक्ष्म परजीवी माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत साधारण ३ ते ७ दिवस राहतो. मग तो गळून पडतो, वाळूवर किंवा खडकावर कवच धारण करतो आणि आत विभागत जाऊन पोहणारी नवी पिढी बाहेर सोडतो. ठिपके गेले म्हणून निर्धास्त होणारे नेमके याच टप्प्यावर फसतात. तांब्याचे औषध केवळ पोहणाऱ्या अवस्थेला मारते. मुख्य टाकीत ते घातले तर प्रवाळ आणि कोळंब्या मरतात, शिवाय खडक ते शोषून घेतात. पोहणाऱ्या अवस्थेला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती आपोआप संपते, परंतु काही कवचे फुटायला ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, म्हणून हा लांबलचक अवधी.

प्रतिसाद १

कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात मासे पकडायचे म्हणजे सगळी खडकांची रचना उचकटायची, आणि आधीच धापा टाकणारे मासे अशा टाकीत न्यायचे जिच्यात विषारी अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वसाहत पुरती रुजलेली नसल्याने तो चढत जातो. साथीतून वाचलेल्या माशांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. मोठी टाकी, भरपूर सकस आहार, भांडकुदळ माशांची गर्दी नाही आणि जोडीला पाण्यातले परजीवी मारणारा अतिनील दिवा, एवढ्यावर अनेक टाक्या वर्षानुवर्षे उत्तम चालतात.

धागाकर्ता

ती प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि काही महिन्यांत ओसरते. मधल्या काळात मासा निरोगी दिसत असला तरी कल्ल्यांत थोडे परजीवी बाळगू शकतो, आणि पुढे एखादा नवा सर्जनफिश आणला की तोच पहिला बळी ठरतो. अतिनील दिव्याबद्दल म्हणाल, तर तो त्याच्यातून वाहणाऱ्या पाण्यापुरताच प्रभावी असतो; कवचे बहुधा अंधारात फुटतात, आणि तेव्हा मासे खडकांच्या कपारींत निजलेले असतात, म्हणजे परजीवीला दिव्यापर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

प्रतिसाद २

आपण दोघेही रोग ओळखला गेला आहे असे गृहीत धरून वाद घालत आहात. ठिपके मिठाच्या कणांएवढे न दिसता अंगावर बारीक सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसत असेल, मासा उजेड टाळत असेल आणि पंपाच्या प्रवाहात तोंड धरून राहत असेल, तर तो अमायलूडिनियम हा दुसराच परजीवी, म्हणजे वेल्वेट, असण्याची शक्यता मोठी आहे. तो काही दिवसांत टाकी ओस पाडतो. तेथे प्रतिकारशक्तीची वाट पाहण्याचा सल्ला सरळसरळ घातक आहे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवून क्रिप्टोकॅरिऑन मारता येतो, परंतु वेल्वेट त्या क्षारतेतही तग धरतो. क्लाउनफिशच्या अंगावर दाट चिकट थर आला असेल तर ब्रुकलिनेला या आणखी एका परजीवीचा विचार करावा, ज्यावर तांबे चालत नाही, फॉर्मॅलिन लागते.

प्रतिसाद १

वेल्वेटबाबत मी माझे म्हणणे मागे घेतो. तेथे मासे त्याच दिवशी बाहेर काढावेत. क्रिप्टोकॅरिऑनसाठी मात्र तांब्याचा आग्रह मला पटत नाही. दर ३ दिवसांनी मासे आधी पूर्ण वाळवून मग ताजे खारे पाणी भरलेल्या स्वच्छ टाकीत हलवायचे आणि असे ४ वेळा करायचे, ही पद्धत औषधाविना चालते, कारण गळून पडलेल्या परजीवीची नवी पिढी बाहेर येण्याआधीच मासा तेथून निघून गेलेला असतो. अडचण उरते ती मँडरिन माशाची. तो खडकांवरचे सूक्ष्म जीव टिपून जगतो आणि खडक नसलेल्या टाकीत उपाशी मरतो. त्याच्या जाड श्लेष्मामुळे त्याला हा रोग सहसा जडत नाही, तेव्हा त्याला मुख्य टाकीतच राहू द्यावे.

धागाकर्ता

टाक्या बदलण्याची पद्धत मला मान्य आहे, फक्त जाळी आणि नळ्याही दर वेळी पूर्ण वाळवाव्या लागतील. मँडरिनची सवलत मात्र देता येणार नाही. रोग सहसा जडत नाही याचा अर्थ कधीच जडत नाही असा होत नाही, आणि एक मासा जरी आत राहिला तरी परजीवीला यजमान मिळू शकतो, म्हणजे ७६ दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. त्याच्यासाठी खडक आणि सूक्ष्म जीव असलेली छोटी टाकी आधीच तयार ठेवावी. ते जमणार नसेल तर असा मासा मुळात आणू नये.