अलाहाबादचं पत्थर गिरजा बघण्यासारखं आहे का?

मांडवीकर: पुढच्या महिन्यात आत्याला घेऊन प्रयागला जातोय, संगमाचं काम झालं की अर्धा दिवस मोकळा आहे. सिव्हिल लाइन्सच्या चौकात ते दगडी चर्च आहे म्हणतात, नक्की काय आहे ते? आपल्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यासारखंच का?

रावपुरावाला: नाही हो, काळ साधारण तोच पण जात वेगळी. लक्ष्मी विलासमध्ये घुमट, छत्र्या, जाळ्या सगळी सरमिसळ, हे मात्र गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी, उंच छत आणि रंगीत काचा. खरं नाव ऑल सेंट्स कॅथेड्रल. पायाभरणी १८७१, वापरात आलं १८८७ ला, आर्किटेक्ट विल्यम इमर्सन, ज्याने मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट आणि नंतर कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल केलं तोच. बाहेरून भिंतीला जाड दगडी टेकू दिसतील ते शोभेचे नाहीत बरं का, कमानी भिंतीला बाहेर ढकलतात तो जोर ते झेलतात म्हणून मधे एवढ्या मोठ्या खिडक्या काढता येतात.

मांडवीकर: अरे वा. आत्या विचारतेय इंग्रजांचंच आहे का अजून 😄

अलकापुरीकर: आत्याबाईंना सांगा १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे. आणि सकाळी जा, पूर्वेकडच्या काचांतून ऊन आत येतं तेव्हाच खरी मजा. रविवारी प्रार्थना असते, तेवढं सांभाळा.