मदत हवी आहे : आत्याच्या बागेसाठी माळीकाका (पुणे, सहकारनगर)

नमस्कार मंडळी,
सहकारनगरला माझी आत्या एकटी राहते, वय 78. गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसता येत नाही, पण बागेत तिचा जीव आहे. सोनचाफा, कढीपत्ता, मोगऱ्याच्या बारा कुंड्या. जास्वंदीवर सध्या पिठ्या ढेकूण पसरलाय. आधीच्या माळ्याने ऐन मार्चमध्ये, कळ्या धरलेल्या असताना मोगरा छाटला. त्या उन्हाळ्यात एक गजरासुद्धा झाला नाही, फार लागलं तिला ते.

आठवड्यातून दोनदा सकाळी तासभर येणारे, तिला विचारूनच कात्री लावणारे, निंबोळी अर्क फवारून देणारे कोणी माहीत आहेत का? शक्यतो तुमच्याकडे काम केलेले. महिन्याचे किती घेतात तेही सांगा, घासाघीस करणार नाही. तिच्याशी दोन शब्द बोलणारे असतील तर फारच बरं.